धारेचं पाणी

आजोबांच्या रंध्याचं पातं मी तीन सेकंदांत घालवलं.

उज्जैनला फ्रीगंजातल्या आमच्या घरात जिन्याखाली एक बोळकांडी आहे. पूर्वी तिथे कोळशाचं पोतं आणि तांब्याचा बंब असे. आता एक छोटा लेथ, एक वाइस, एक बेंच ग्राइंडर आणि मी, एवढेच मावतो. ग्राइंडर नवा होता आणि नव्या ग्राइंडरवर माणसाला काहीही घासावंसं वाटतं. पात्याच्या धारेला एक खाच पडली होती. दगडावर तासभर कोण घासणार म्हणून ते फिरत्या चाकाला लावलं. ठिणग्या छान उडाल्या. खाच जाईना म्हणून जरा दाबलं. धारेवर आधी सुकल्या गवताचा पिवळा रंग धावला, मग तपकिरी, मग जांभळा आणि हात मागे घेईपर्यंत मोरपंखी निळा. दिसायला सुरेख. धारही लागली होती. सागाच्या फळीवर चार हात मारले आणि ती पत्र्यासारखी वळली.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ राहत. उज्जैनच्या कापड गिरण्या चालू होत्या तेव्हा त्यांनी तिथल्या मेकॅनिक खात्यात लेथ चालवलेला. सगळे त्यांना मिस्त्रीजी म्हणत. त्यांनी पातं उजेडात धरलं, फिरवलं आणि म्हणाले, “पानी उतर गया.” पुढे काही बोलले नाहीत. चहा घेतला आणि गेले.

मराठीतही आपण हेच म्हणतो. लोहार कोयत्याला पाणी देतो, तलवार पाणीदार असते, विळा पाजवून आणायचा असतो. ‘पाजवणे’ आणि ‘पाजणे’ हे कानाला तरी सख्खे भाऊ वाटतात. एखाद्याचं पाणी जोखणं किंवा भर सभेत कुणाचं पाणी उतरणं, हे बोलतानाही माझ्या डोळ्यांपुढे आता लोहाराचा भाता येतो. घरच्या कार्यशाळेत धातू कापायची हत्यारं धारेला लावायची असतील तर पहिला प्रश्न घासण्याचा नाहीच. हातातल्या पोलादाने कोणतं पाणी प्यायलं आहे आणि ते कशाने उतरतं, हा आहे.

हा प्रश्न उज्जैनला फार जुना आहे. सहाव्या शतकातला वराहमिहिर स्वतःला अवंतीचा म्हणवतो. त्याच्या बृहत्संहितेत तलवारीच्या लक्षणांवर एक अध्याय आहे. त्यात शकुन आहेत, वास आहेत, म्यानातून आपोआप बाहेर येणारी तलवार आहे. आणि मधेच एकदम कामाची गोष्ट येते. केळीच्या राखेचा क्षार ताकात घालून ते मिश्रण दिवसभर मुरू द्यावं आणि त्यात लोखंडाला ‘पाजावं’. मग नीट धार लावली की ते दगडावर मारलं तरी तुटत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथट होत नाही. तिथेही क्रियापद पाजण्याचंच आहे. घोडीचं, उंटिणीचं, हत्तिणीचं दूध पाजायच्या कृतीही त्याच अध्यायात आहेत. त्या मी करून बघितलेल्या नाहीत, उंटीण मिळाली तरी जिन्याखाली येणार नाही.

पण केळीच्या राखेत अर्थ आहे. लाल तापलेलं पोलाद साध्या पाण्यात बुडवलं की त्याच्याभोवती वाफेचं आवरण तयार होतं आणि ते आवरण उष्णता अडवतं. पाण्यात क्षार किंवा मीठ असलं तर हे आवरण लवकर फुटतं आणि पोलाद झपाट्याने थंड होतं. आजही झटपट कडक करायचं असेल तेव्हा मिठाचं पाणी वापरतात. राखेत मुख्यतः पोटॅशचे क्षार असतात. माझ्या मते त्या कृतीत ताकाचा महिमा थोडा आणि राखेचा जास्त.

झपाट्याने थंड करण्याला एवढं महत्त्व का? पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडा कार्बन. रंध्याच्या पात्यात तो साधारण 1 टक्का असतो. पोलाद 760 ते 800 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बन तिच्यात विरघळून बसतो. घरी ओळखायची खूण म्हणजे लोहचुंबक चिकटेनासा होतो. हळूहळू थंड होऊ दिलं तर कार्बन निवांतपणे बाहेर पडतो आणि पोलाद मऊ होतं. एकदम बुडवलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. अडकलेल्या कार्बनने सगळी मांडणी ताणली जाते आणि पोलाद काचेसारखं कडक होतं. ठिसूळही तसंच. म्हणून ते पुन्हा 200 ते 300 अंशांपर्यंत तापवून थोडी कडकी सोडवून घ्यायची. तेव्हा जे रंग दिसतात ते पृष्ठभागावरच्या पातळ ऑक्साइडच्या थराचे, डबक्यावरच्या रॉकेलच्या तवंगासारखे. फिकट पिवळा 220 अंशांच्या आसपास, जांभळा 275च्या, निळा 300च्या. लोहार हे रंग बघत बघत ठरल्या जागी थांबतो. मी ग्राइंडरवर तेच रंग बघत पुढे गेलो. जाडजूड पातं हाताला कोमट लागत होतं, पण धारेच्या टोकाशी उष्णता ओढून न्यायला मागे धातूच नसतो. धार आधी जळते, हाताला मागून कळतं.

तांब्याचं याच्या उलट. उज्जैनच्या पूर्वेला सुमारे 25 किलोमीटरवर, छोट्या काळी सिंध नदीकाठी कायथा नावाचं गाव आहे. वराहमिहिर ज्या कापित्थकाचा उल्लेख करतो ते हेच, असं बरेच अभ्यासक मानतात. ज्यांना उज्जैनकर हरिभाऊ म्हणत, 1957 साली भीमबेटकाची चित्रं ज्यांनी जगापुढे आणली, त्या विष्णु श्रीधर वाकणकरांनी 1964 साली कायथ्याचं पांढरीचं टेकाड हेरलं. पुढे उत्खननात चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या थरांत साच्यात ओतलेल्या तांब्याच्या दोन कुऱ्हाडी सापडल्या. सोबत गारेच्या जातीच्या दगडाची छोटी पातीही. दगडाच्या पात्याला धार लावायची नसते. एक कपचा उडवला की नवी धार तयार. तांब्याची कुऱ्हाड मात्र तापवून पाण्यात बुडवली तर कडक व्हायच्या ऐवजी मऊ होते. ती कडक करायचा एकच उपाय, थंडपणी हातोडीने धार ठोकायची. म्हणजे पाणी पाजण्याची विद्या लोखंडाबरोबर आली. तिच्या आधी धार ठोकूनच निघे.

आता दुसरी चूक. पातं जळाल्यावर मी इतका धसकलो की लेथचं प्रत्येक टूल ग्राइंडरला लावायचं आणि बादलीत बुडवायचं, असा नेम केला. टूलचं टोक लाल होईपर्यंत दाबायचं, चुर्र आवाज होईपर्यंत बुडवायचं. पंधरा दिवसांत दोन टूलांची टोकं काम करता करता खपलीसारखी निघाली. मिस्त्रीजींना दाखवलं तर हसले. म्हणाले, हे हायस्पीड आहे, याला तहान नसते.

हायस्पीड स्टील, आपल्या बाजारात नुसतं ‘हायस्पीड’ किंवा ‘एचएसएस’, हे साध्या पोलादाहून वेगळं प्रकरण आहे. त्याची सुरुवात अमेरिकेतल्या बेथलेहेम पोलाद कारखान्यात झाली. फ्रेडरिक टेलर आणि माउन्सेल व्हाइट तिथे 1898च्या सुमारास टंगस्टन आणि क्रोमियम असलेल्या पोलादावर प्रयोग करत होते. नेहमीच्या समजुतीनुसार पोलाद फार तापवलं की बिघडतं. त्यांनी ते वितळण्याच्या जवळपास तापवून बघितलं आणि उलटंच निघालं. असं कडक केलेलं टूल कापता कापता टोकाशी मंद लाल झालं तरी मऊ पडत नव्हतं. 1900च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी लेथवर निळ्या पडलेल्या किसाचे वेटोळे आणि लाल टोकाचं टूल एकत्र पाहिलं. कापायचा वेग कैक पटींनी वाढला. टूलं टिकू लागल्यावर लेथच कमजोर ठरू लागले आणि ते नव्याने बांधावे लागले. (हाच टेलर पुढे हातात घड्याळ घेऊन कामगारांच्या हालचाली मोजणारा म्हणून गाजला आणि शिव्याही खाल्ल्या. धातू कापण्यावरचे त्याचे प्रयोग 26 वर्षं चालले होते. माझ्या मते त्याची खरी पुण्याई तीच.)

हायस्पीड जवळजवळ 600 अंशांपर्यंत आपली कडकी सोडत नाही. ग्राइंडरवर त्याच्या धारेला निळा रंग आला तर घाबरायचं कारण नाही, दगडावर तेवढा थर काढला की झालं. पण ते उष्णता हळू पसरवतं. लाल टोक एकदम थंड पाण्यात गेलं की वरचा थर आकसतो, आतला गरमच असतो आणि केसाएवढ्या भेगा पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, कामात दिसतात. थोडक्यात, रंध्याचं पातं, पटाशी, छिन्नी ही साध्या पोलादाची असतील तर पिवळा रंग यायच्या आधीच, पुन्हा पुन्हा पाण्यात. लेथचं टूल आणि चांगल्या प्रतीचा ड्रिल हायस्पीडचा असेल तर हलक्या हाताने घासायचं आणि हवेतच थंड होऊ द्यायचं. मी दोन्ही ठिकाणी नेमकं उलटं केलं होतं.

कुठलं कोणतं हे ओळखायला ठिणग्या आहेत. साध्या कार्बन पोलादाच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, टोकाशी फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. हायस्पीडच्या मंद, लालसर, जवळजवळ न फुटणाऱ्या. दौलतगंजातल्या एका दुकानातून मी एचएसएस छापलेला ड्रिलचा सेट आणला. घरी येऊन एकाचं शेपूट चाकाला लावलं तर दिवाळीच. छापलेलं काही असो, ठिणगीवर शिक्का मारता येत नाही. सेट लाकडासाठी ठेवून दिला, लाकडात तो अजून चालतो.

चाकाबद्दल थोडं. स्वस्त ग्राइंडरबरोबर करड्या रंगाची दोन चाकं येतात, ती खडबडीत कामापुरती ठीक. हायस्पीडला पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं चाक घ्या. चाकावर ‘ए 60 के 5 व्ही’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ए म्हणजे दाण्याची जात, 60 म्हणजे दाणा किती बारीक, के म्हणजे चाकाची पकड. दुकानदार हमखास सांगतो की कडक टूलाला कडक चाक घ्या. ऐकू नका. कडक पोलाद घासताना दाणे लवकर बोथट होतात. चाकाची पकड मऊ असेल तर बोथट दाणा निसटतो आणि खालचा नवा दाणा कामाला लागतो. पकड घट्ट असेल तर बोथट दाणे तिथेच राहतात, चाक काचेसारखं चकचकीत होतं, कापत काहीच नाही आणि तापवतं मात्र भरपूर. माझं पातं अशाच चकचकीत चाकावर जळलं. चाक मधून मधून ड्रेसरने छिलून काढलं की निम्मी भानगड मिटते. ॲल्युमिनियम आणि पितळ या चाकावर कधीच धरू नका, ते दाण्यांच्या फटीत भरून बसतात. कार्बाइडची टोकं असलेल्या टूलांना हे चाक चालत नाही. त्यांना हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं किंवा हिऱ्याचं चाक लागतं आणि ती धूळ छातीला वाईट, मास्क लावा.

सहा इंची चाकाचा घेर साधारण 48 सेंटिमीटर. मिनिटाला 2,800 फेऱ्या धरल्या तर त्याची कड ताशी सुमारे 80 किलोमीटर वेगाने जाते. सुटून रस्त्याला लागलं तर पाऊण तासात इंदूरला पोचेल. म्हणून नवं चाक बसवायच्या आधी ते बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच टिचकवा. टणटणीत नाद आला तर धड, बद्द आवाज आला तर तडकलेलं. आधाराची पट्टी आणि चाक यांच्यात 3 मिलिमीटरहून जास्त फट नको, तिच्यात टूल ओढलं जातं. बाकी चष्मा डोळ्यावर, कपाळावर नाही.

कोनांचं बोलताना मला नेहमी आमची वेधशाळा आठवते. सवाई जयसिंहाने बांधलेली, पुढे पडझड झालेली आणि 1923 साली माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवलेली. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत ध्रुवताऱ्याकडे रोखलेली आहे. तिचा जमिनीशी कोन म्हणजे उज्जैनचा अक्षांश, 23 अंश 10 मिनिटं. पटाशीला आणि रंध्याच्या पात्याला साधारण 25 अंशांची धार लावतात, म्हणजे त्या भिंतीपेक्षा जरा चढी. एकदा ती भिंत डोळ्यात बसली की कोनमापक न काढता हात बराच जवळ जातो.

लेथच्या टूलाला कोन जास्त, पण तर्क एकच. जो कंगोरा कापणार आहे तोच कामाला लागला पाहिजे, त्याच्या खालचं अंग नाही. म्हणून समोरून आणि बाजूने टूल खाली 8 ते 10 अंश आत घ्यायचं. एवढं नसेल तर टूल कापत नाही, नुसतं घासतं, काम चकाकतं आणि किंचाळतं. वरच्या पृष्ठाचा उतार कामाच्या धातूवर ठरतो. मऊ पोलादाला 12 ते 15 अंश, ॲल्युमिनियमला त्याहून जास्त. पितळेला शून्य, सपाट. पितळेवर उताराचं टूल लावलं तर ते कामात घुसतं, कामाचा तुकडा चकमधून उडतो. आमच्या जिन्याखालच्या भिंतीला त्याची खूण आहे.

मी 10 मिलिमीटर चौरसाचं टूल असं घासतो. घासायच्या बाजूला मार्करने निळं फासायचं. आधारावर ठेवून एकदाच चाकाला टेकवायचं आणि बघायचं, निळं कुठून गेलं. मधूनच गेलं असेल तर कोन चुकलाय, खाली-वर एकसारखं गेलं तर बरोबर. मग हात न बदलता चाकाच्या रुंदीभर डावीकडे-उजवीकडे सरकवत राहायचं, नाहीतर चाकाला चर पडतो. शेवटी कंगोरा दिव्याकडे धरायचा. धार असेल तर तिथे काहीच दिसत नाही. जिथे पांढरी रेघ चमकते तिथे ती बोथट आहे, कारण सपाटी असेल तिथूनच उजेड परततो. ग्राइंडरवर झालं की धारेला एक बारीक बर राहते, नखावर आडवी फिरवली की अडकते. ती ऑइल स्टोनवर काढायची आणि टोकाला केसभर गोलाई द्यायची. हे न करणारे पुष्कळ आहेत. त्यांचं काम खरखरीत येतं आणि ते लेथला नावं ठेवतात.

ड्रिलची धार हा वेगळा मान आहे, तो मला अजून पुरता मिळालेला नाही. नेहमीच्या ड्रिलच्या टोकाचा कोन 118 अंश असतो. दोन ओठ सारख्या लांबीचे, सारख्या उताराचे हवेत आणि प्रत्येक ओठाच्या मागे 8 ते 12 अंश मोकळीक. एक ओठ लांब राहिला तर 8चा ड्रिल सव्वाआठचं भोक पाडतो. मिस्त्रीजी डाव्या हाताची दोन बोटं आधारावर ठेवून मनगटाने एक झोका देत, दुसऱ्या बाजूने तेवढाच झोका, आणि दोन्ही खोबणींतून किसाचे सारखे दोन कुरळे वेटोळे निघत. कोनमापक मी त्यांच्याकडे कधी पाहिला नाही. मी मात्र अजून प्रत्येक ओठ पट्टीने मोजतो.

आपल्याकडे हे सगळं एका जमातीच्या हातात होतं. महाराष्ट्रात शिकलगार, माळव्यात सिकलीगर. शब्द फारसीतून आला, मूळ अरबी ‘सैकल’ म्हणजे घासून चकाकी देणं. राजांच्या तलवारी गेल्यावर ते कात्र्या, सुऱ्या, विळे धारेला लावू लागले. सायकल स्टँडवर उभी करून पॅडलने साण फिरवणारा धारवाला अजून कधीतरी गल्लीत येतो. कात्री लावून झाली की ओल्या चिंधीचा तुकडा कापून दाखवतो आणि मगच पैसे घेतो. त्याच्या चाकाचा वेग माझ्या ग्राइंडरच्या पासंगालाही पुरत नाही. म्हणूनच त्याच्या हातून पाणी उतरत नाही. साध्या पोलादासाठी घरच्या माणसाने खरं तर त्याचंच अनुकरण करावं. हळू फिरणारा, पाणी टपकणारा दगड वेगाने फिरणाऱ्या ग्राइंडरपेक्षा बरा.

आजोबांच्या पात्याचा निळा भाग धारेपासून 4 मिलिमीटर आत गेला होता. तेवढा सगळा काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. या वेळी ग्राइंडर बंदच ठेवला. खरबरीत दगडावर, मग बारीक दगडावर, पाणी ओतत ओतत दोन रविवार गेले. शेवटी नेहमीच्या न्हाव्याकडून आणलेल्या जुन्या चामडी पट्ट्यावर ते पुसलं. आता पातं 4 मिलिमीटरने आखूड आहे आणि सागावर पुन्हा चालतं.